आमदारांची मुदत कधी सुरू व्हावी? बॅलटवरचा हा प्रश्न कसा वाचायचा

अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ झाली, मतदार नोंदणी झाली, पहिलं बॅलट टपालानं घरी आलं की बहुतेक मराठी माणसं एकाच जागी अडखळतात. गव्हर्नर, सिनेटर यांच्या नावापुढचे गोल काळे करणं सोपं जातं. पण त्याखाली प्रश्नांची रांग लागलेली असते: राज्यघटनेतलं अमुक कलम बदलावं का, हो की नाही? असं काही आपल्याला भारतात कुणी विचारलेलं नसतं. गोव्यातला १९६७ चा जनमत कौल सोडला तर आपल्या आई-वडिलांनाही कुणी विचारलं नव्हतं. इथे मात्र राज्यघटना बदलायची तर शेवटचा शब्द मतदारांचा असतो. पन्नास राज्यांपैकी एकट्या डेलावेअरमध्ये घटनादुरुस्ती मतदारांपुढे न जाता होते.

या रांगेतला सगळ्यात जास्त वेळा कोरा सोडला जाणारा प्रकार म्हणजे तारखांचे प्रश्न. निवडून आलेल्या आमदारांची मुदत अमुक दिवशी सुरू व्हायची ती तमुक दिवशी सुरू व्हावी का, असा प्रश्न समोर आला की वाटतं, आपल्याला काय फरक पडतो? फरक पडतो, आणि बराच पडतो. असा प्रश्न समोर आला तर तो कसा उलगडायचा, हे नव्या मतदारांसाठी इथे सांगतो. उदाहरणं मुख्यतः कॅलिफोर्नियाची घेतली आहेत, कारण तिथली व्यवस्था मला सगळ्यात जवळून माहीत आहे. न्यू जर्सी, टेक्सस किंवा आणखी कुठे राहत असाल तरी पद्धत हीच, तारखा तेवढ्या तुमच्या. राज्याच्या दोन्ही सभागृहांच्या सदस्यांना मी सरसकट आमदार म्हणणार आहे.

सुरुवातीला एक खबरदारी

मतदानाचा हक्क फक्त नागरिकांना आहे. ग्रीन कार्डवर असाल, एच-वन-बी वर असाल, तर मत देऊ नका आणि मतदार म्हणून नोंदणीही करू नका. ड्रायव्हिंग लायसन्सचा अर्ज भरताना नोंदणीचा एक चौकोन येतो, तिथे घाईत खूण होऊन जाते. पुढे नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी ती खूण फार महाग पडते, प्रसंगी देश सोडावा लागतो. घरात कुणी अजून ग्रीन कार्डवर असेल तर त्यांच्यासोबत बसून अर्ज भरा.

इथे मुदत माणसाची असते, सदनाची नाही

भारतातून आलेल्या माणसाची पहिली गल्लत इथे होते. आपल्याकडे मुदत विधानसभेची असते. संविधानाच्या कलम १७२ प्रमाणे पहिल्या बैठकीसाठी ठरलेल्या तारखेपासून पाच वर्षं, आणि ती त्याआधी विसर्जितही करता येते. त्यामुळे 'आमदार कधीपासून आमदार' हा प्रश्न आपल्याकडे राजकारणाच्या ओघात सुटतो किंवा अडकतो. २०१९ आठवून पाहा. महाराष्ट्राचा निकाल २४ ऑक्टोबरला लागला, जुन्या विधानसभेची मुदत ९ नोव्हेंबरला संपली, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली, एक सरकार पहाटे शपथ घेऊन तीन दिवसांत गेलं आणि निवडून आलेल्या आमदारांनी प्रत्यक्ष शपथ घेतली ती २७ नोव्हेंबरला. महिनाभराहून जास्त काळ लोकांनी निवडलेली माणसं होती, पण सभागृहात बसलेलं कुणी नव्हतं.

अमेरिकेतल्या राज्यांत हे असं लोंबकळत राहत नाही. कोणाचं बहुमत, कोण कुणासोबत गेलं, याच्याशी मुदतीचा संबंध नसतो. राज्यघटनेत दिवस लिहिलेला असतो. तो दिवस उजाडला की जुन्या माणसाचं पद संपतं आणि नव्याचं सुरू होतं. विधिमंडळ विसर्जित करून मध्यावधी निवडणूक घेण्याचा प्रकारच नाही. म्हणून ती एक तारीख इतकी वजनदार ठरते, आणि ती बदलायची तर घटना बदलावी लागते. तो प्रश्न तुमच्या बॅलटवर येतो तो यासाठी.

चार तारखा कागदावर मांडा

प्रश्नाचा मजकूर वाचण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि तुमच्या राज्याच्या चार तारखा एकाखाली एक लिहा: मतदान कधी, अधिकृत निकाल कधी, मुदत कधी सुरू होते आणि नवं सभागृह पहिल्यांदा कामाला कधी बसतं. या चार तारखा समोर असल्याशिवाय बाजूनं किंवा विरोधात केलेला कुठलाही युक्तिवाद तपासता येत नाही.

कॅलिफोर्नियाच्या २०२४ च्या तारखा मांडून दाखवतो. मतदान ५ नोव्हेंबरला झालं. राज्यघटनेच्या चौथ्या प्रकरणात लिहिलं आहे की आमदारांची मुदत निवडणुकीनंतरच्या डिसेंबरमधल्या पहिल्या सोमवारी सुरू होते. तो सोमवार होता २ डिसेंबर. त्याच दिवशी दुपारी बारा वाजता नवं विधिमंडळ भरतं आणि लगेच आपले पदाधिकारी निवडतं. टपालानं आलेल्या मतपत्रिकांची मोजणी मात्र इथे आठवडेच्या आठवडे चालते, कारण मतदानाच्या दिवसापर्यंत टपालाचा शिक्का असलेली मतपत्रिका नंतर सात दिवसांपर्यंत पोहोचली तरी ग्राह्य धरली गेली. राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटला (निवडणुकांचं काम पाहणारा राज्याचा अधिकारी) अंतिम निकालावर शिक्कामोर्तब करायला १३ डिसेंबरपर्यंत मुदत होती. म्हणजे शपथ आधी, राज्याचं शेवटचं प्रमाणपत्र नंतर. इतकी ओढाताण त्या कॅलेंडरमध्ये आहे. कुणी म्हणालं की मुदत आणखी आधी सुरू करूया, तर पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: मतं तोवर मोजून होतील का?

दुसऱ्या राज्यांत काय आहे ते पाहिलं की पर्याय किती आहेत हे कळतं. फ्लोरिडात आमदार निवडून येताच पदावर येतो आणि चौदाव्या दिवशी नवं सभागृह स्थापनेसाठी भरतं. हवाईत मुदत मतदानाच्याच दिवशी सुरू होते. नेवाडा, इंडियाना आणि अलाबामात दुसऱ्या दिवसापासून. नॉर्थ डकोटात १ डिसेंबर. मिशिगनमध्ये १ जानेवारीला दुपारी बारा. न्यू जर्सीत निवडणुका विषम वर्षांत होतात आणि मुदत जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी सुरू होते. टेक्ससमध्ये नियमित अधिवेशन ज्या दिवशी सुरू व्हायचं त्याच दिवशी आमदार पदभार घेतात. तेव्हा यातली कुठली एक तारीख 'नैसर्गिक' आहे, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

मधल्या दिवसांत सत्ता कुणाच्या हातात?

चार तारखा लिहिल्या की पहिली आणि तिसरी यांच्यामध्ये रेघ ओढा. त्या रेघेवर जेवढे दिवस मावतात, तेवढे दिवस लोकांनी ज्यांना बदललं आहे, किंवा जे स्वतःच पुन्हा उभे राहिले नव्हते, त्यांच्या हातात कायदे करण्याचा अधिकार असतो. इथले लोक या काळाला 'लेम डक' म्हणतात. आपण मावळतं सभागृह म्हणू. मुदतीच्या तारखेवरचा प्रत्येक प्रस्ताव या रेघेची लांबी बदलत असतो. मतदारानं बाकी काही नाही पाहिलं तरी चालेल, ही रेघ पाहावी.

नॉर्थ कॅरोलायनाचं उदाहरण घ्या. तिथे आमदारांची मुदत १ जानेवारीला सुरू होते. प्रतिनिधीगृहात १२० जागा आहेत आणि गव्हर्नरचा नकाराधिकार मोडून काढायला तीन पंचमांश मतं लागतात, म्हणजे सगळे हजर असतील तर ७२. रिपब्लिकन पक्षाकडे नेमके ७२ होते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी त्यांना ७१ वर आणलं. एकच जागा गेली, पण नकाराधिकार मोडण्याची ताकद गेली. फक्त ती जायची होती १ जानेवारीला. त्याआधीच हेलीन चक्रीवादळाच्या मदतीच्या नावानं एक भलंमोठं विधेयक मंजूर झालं. निवडणूक मंडळावर नेमणुका करण्याचा गव्हर्नरचा अधिकार काढून तो राज्याच्या ऑडिटरकडे देण्याची तरतूद त्यातच होती. नवे गव्हर्नर डेमोक्रॅटिक पक्षाचे, नवे ऑडिटर रिपब्लिकन. मावळते गव्हर्नर रॉय कूपर यांनी नकाराधिकार वापरला. ११ डिसेंबरला प्रतिनिधीगृहानं तो ७२ विरुद्ध ४६ मतांनी मोडून काढला. तिथे मुदत १ डिसेंबरला सुरू होत असती, तर त्या दिवशी सभागृहात त्यांचे ७२ सदस्य नसते.

हा एका पक्षाचा दोष आहे असं मात्र समजू नका. न्यू जर्सीत डेमोक्रॅटिक बहुमत असताना, २००७ च्या नोव्हेंबरमधली निवडणूक झाल्यानंतर आणि नवं सभागृह जानेवारीत येण्याआधी, फाशीची शिक्षा रद्द करणारं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि १७ डिसेंबरला गव्हर्नर जॉन कोर्झाइन यांनी त्यावर सही केली. तो कायदा तुम्हाला चांगला वाटो वा वाईट, निर्णय घेणाऱ्यांत परतून न येणारे आमदार होते. न्यू जर्सीत नोव्हेंबर ते जानेवारी हा विधेयकं धडाधड मंजूर होण्याचा हंगामच असतो. एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींनी त्या आठवड्यांत राज्याची राजधानी ट्रेंटनच्या बातम्यांवर जास्त लक्ष ठेवावं, असं मी आवर्जून सांगतो.

केंद्राच्या पातळीवर हाच वाद १९३३ मध्ये मिटला. तोपर्यंत अध्यक्ष आणि काँग्रेसची मुदत ४ मार्चला सुरू होत असे. नोव्हेंबरमध्ये निवडून आलेली काँग्रेस नेहमीच्या क्रमानं पहिल्यांदा भरायची ती पुढच्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये, म्हणजे तेरा महिन्यांनी. आणि पराभूत सदस्य मात्र निवडणुकीनंतरच्याच डिसेंबरमध्ये येऊन मार्चपर्यंत कायदे करायचे. लिंकन १८६० च्या नोव्हेंबरमध्ये निवडून आले आणि मार्चमध्ये पदावर आले, तोवर सात राज्यं संघातून फुटून निघाली होती. नेब्रास्काचे सिनेटर जॉर्ज नॉरिस या तारखा बदलाव्यात म्हणून वर्षानुवर्षं झगडले. अखेर २३ जानेवारी १९३३ रोजी विसावी घटनादुरुस्ती संमत झाली आणि काँग्रेससाठी ३ जानेवारी, अध्यक्षासाठी २० जानेवारी हे दिवस ठरले. ती दुरुस्ती राज्यांच्या विधिमंडळांनी मंजूर केली, मतदारांनी थेट नाही. पण राज्यांच्या बॅलटवर येणाऱ्या अशा प्रश्नांमागचा विचार तोच आहे.

दार बंद करायची दुसरीही रीत आहे

प्रस्तावाच्या बाजूनं बोलणारे बहुधा सांगतात की मावळत्या सभागृहाला आळा घालायचा तर तारीख अलीकडे आणणं हाच उपाय आहे. तसं नाही. कॅलिफोर्नियाच्या घटनेत वेगळी तजवीज आहे: सम वर्षात १ सप्टेंबरपासून कुठलंही सभागृह साधं विधेयक मंजूर करू शकत नाही. तातडीची विधेयकं, निवडणूक पुकारणारी विधेयकं, कर, राज्याचा नेहमीचा खर्च आणि नकाराधिकार वापरलेली विधेयकं एवढेच अपवाद. त्यामुळे निवडणुकीनंतर ३० नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत जुनं विधिमंडळ कागदावर जिवंत असतं, पण त्याच्या हातात फारसं काही नसतं.

माझं मत विचाराल तर मला ही व्यवस्था सगळ्यात शहाणपणाची वाटते. निवडणुकीनंतर काही आठवडे मतमोजणीला मिळतात, फेरमोजणीला मिळतात, नव्या माणसाला कार्यालय उभं करायला मिळतात, आणि त्या आठवड्यांत जुन्यांना मोठे निर्णय घेता येत नाहीत. मतदानाच्या दिवशीच मुदत सुरू करणं ऐकायला छान वाटतं. पण पंधरा-वीस मतांच्या फरकाची एखादी लढत असेल तर तिथे कोण बसायचं, याचा वाद पहिल्याच दिवशी सभागृहात शिरतो. आणि आपल्या सदस्यांच्या निवडीचा अंतिम निवाडा सहसा सभागृहच करत असल्यामुळे बहुमत ज्याचं त्याच्याकडे तो निवाडा जातो.

मजकूर कुठून वाचायचा

कॅलिफोर्नियात प्रत्येक घरी सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयातून एक जाडसर पुस्तिका येते, अधिकृत मतदार माहिती पुस्तिका. ती हिंदीतही मिळते, मराठीत नाही. घरात आजी-आजोबा मतदार असतील तर हिंदी प्रत मागवून घ्या, त्यांना बराच उपयोग होतो. पुस्तिकेत प्रत्येक प्रस्तावाला शीर्षक आणि सारांश असतो, लेजिस्लेटिव्ह ॲनालिस्ट या निःपक्ष कार्यालयाचं विश्लेषण असतं, बाजूचे आणि विरोधाचे युक्तिवाद असतात आणि शेवटी मूळ मजकूर.

बहुतेक लोक युक्तिवादांपासून सुरुवात करतात. उलट्या बाजूनं या. आधी शेवटची पानं उघडा. तिथे घटनेतलं सध्याचं कलम छापलेलं असतं. जे शब्द काढायचे आहेत त्यांच्यावर आडवी रेघ मारलेली असते आणि जे घालायचे आहेत ते तिरक्या अक्षरांत असतात. मुदतीच्या प्रस्तावात हा बदल बहुधा दोन-चार ओळींचाच असतो. त्या ओळी वाचून तुमच्या कागदावरच्या तिसऱ्या तारखेसमोर नवी तारीख लिहा. मग विश्लेषण वाचा. खर्चाचा भाग भरभर वाचला तरी चालतो, तारखेच्या बदलात पैशाचा प्रश्न क्वचितच मोठा असतो. युक्तिवाद सगळ्यात शेवटी, आणि वाचताना खाली सह्या कुणाच्या आहेत ते पाहा. सध्या बहुमतात असलेल्यांच्याच सह्या बाजूनं असतील तर रेघ कुणाच्या फायद्यासाठी लांबते आहे हे पुन्हा एकदा तपासा.

संक्रमणाचं कलम शोधा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच वगळली जाते. मुदतीची तारीख बदलली की सध्या पदावर असलेल्या माणसांची मुदत एक तर तुटते किंवा वाढते, तिसरा पर्याय नाही. तारीख अलीकडे आली तर जुन्यांचे काही दिवस कापले जातात. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची पहिली मुदत अशीच सहा आठवड्यांनी लहान झाली होती: ४ मार्च १९३३ ला सुरू झाली आणि २० जानेवारी १९३७ ला संपली. तारीख पुढे गेली तर मतदारांनी न दिलेले दिवस जुन्यांना मिळतात. यातलं काय आणि कुणाला, हे लिहिलेलं एखादं उपकलम, म्हणजेच संक्रमणाचं कलम, प्रस्तावात असलं पाहिजे. ते सापडलं नाही, किंवा सापडलं पण सध्याच्याच आमदारांना लांब मुदत देणारं निघालं, तर मी 'नाही'कडे झुकेन.

कॅलिफोर्नियावरच एक कल्पना करून पाहू. समजा प्रस्ताव आला की डिसेंबरचा पहिला सोमवार काढून जानेवारीचा पहिला सोमवार घालावा. एक शब्द बदलला. आता कागद घेऊन बसा.

पहिली अडचण, अधिवेशनाची. सध्याच्या घटनेत दोन वर्षांचं अधिवेशन ३० नोव्हेंबरच्या मध्यरात्री आपोआप संपतं. ते वाक्य तसंच राहिलं तर पूर्ण डिसेंबरभर जुने आमदार पदावर असतील, पण अधिवेशन नसेल. ते वाक्यही बदललं तर मावळत्या सभागृहाला आणखी महिना मिळेल.

दुसरी, कमाल मुदतीची. २०१२ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन २८ (बॅलटवरच्या प्रस्तावाला तिथे प्रपोझिशन म्हणतात) नुसार कुणालाही आयुष्यात बारा वर्षांपेक्षा जास्त काळ विधिमंडळात राहता येत नाही. जे आमदार नेमकी बारा वर्षं पूर्ण करून जाणार होते त्यांचे हे जास्तीचे आठवडे कुठे धरायचे? त्यासाठी वेगळी ओळ हवी.

तिसरी, सिनेटची. ४० सिनेटरांपैकी निम्मे दर दोन वर्षांनी निवडले जातात आणि त्यांची मुदत चार वर्षांची असते. म्हणजे बदल लागू होताना वीस जणांची मुदत अर्ध्यावर आलेली असणार. त्यांची अखेरही सरकते का, हे स्पष्ट लिहिलेलं हवं.

चौथी अडचण कामाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी. कॅलिफोर्नियात नवं विधेयक मांडल्यावर, अर्थसंकल्प सोडून, ३१ व्या दिवसापर्यंत त्यावर सहसा सुनावणी किंवा कार्यवाही होत नाही. लोकांना ते वाचायला मिळावं म्हणून ही अट आहे. २ डिसेंबरला मांडलेलं विधेयक त्यामुळे जानेवारीच्या आरंभी सुनावणीला येऊ शकतं. जानेवारीत मुदत सुरू झाली तर हेच फेब्रुवारीवर जातं. शिवाय गव्हर्नरला वर्षाच्या पहिल्या दहा दिवसांत अर्थसंकल्प सादर करावा लागतो आणि विधिमंडळानं तो १५ जूनच्या मध्यरात्रीपर्यंत मंजूर करायचा असतो. १० जानेवारीला अर्थसंकल्प टेबलावर येईल तेव्हा समित्यांवर कोण आहे हेसुद्धा ठरलेलं नसेल. १९७२ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन ४ मंजूर करून विधिमंडळ डिसेंबरमध्ये भरवायला सुरुवात केली, त्याच प्रस्तावात गव्हर्नरच्या अर्थसंकल्पाची दहा दिवसांची अटही होती. दोन्ही तारखा एकमेकींना धरून आहेत.

आणि जमेची बाजूही लिहा, नाहीतर हा हिशेब एकांगी होईल. गव्हर्नरची मुदत १ जानेवारीनंतरच्या सोमवारी सुरू होते. २०१८ मध्ये नवे आमदार ३ डिसेंबरला आले आणि नवे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम ७ जानेवारीला. मधले पाच आठवडे नवं विधिमंडळ आणि जुने गव्हर्नर जेरी ब्राउन अशी जोडी होती. जानेवारीच्या तारखेनं हे अंतर भरून निघेल, मतमोजणीलाही श्वास मिळेल. दोन्ही रकाने भरल्यावर मी अशा प्रस्तावाला 'नाही' म्हणेन. तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं, पण ते रकाने भरून यावं.

खूण करताना

घटनादुरुस्तीच्या प्रश्नाला 'येस' म्हणजे बदल करा, 'नो' म्हणजे आहे तसं ठेवा. विधिमंडळानं केलेला एखादा कायदा रद्द करण्यासाठी आलेला रेफरेंडम असेल तर कॅलिफोर्नियात पूर्वी 'येस' म्हणजे तो कायदा राहू द्या असा अर्थ होता; २०२३ च्या बदलानंतर तिथे 'कायदा ठेवा' की 'कायदा रद्द करा' असेच पर्याय असतात. दोन्हींत गोंधळ करू नका.

कोरं सोडायचं का? कॅलिफोर्नियात एखादा प्रश्न कोरा सोडला तर त्या प्रश्नापुरतं तुमचं मत मोजलं जात नाही, बाकीचं बॅलट वैध राहतं. पण हे सगळीकडे असं नाही. मिनेसोटा आणि हवाईत घटनादुरुस्तीचा प्रश्न कोरा सोडणं हे 'नाही' म्हटल्यासारखंच धरलं जातं. काही राज्यांत निम्म्याहून जास्त मतंही पुरत नाहीत. फ्लोरिडात ६० टक्के लागतात. आपल्या राज्याचा नियम काउंटीच्या निवडणूक कार्यालयात फोन करून विचारता येतो. तिथली माणसं नव्या मतदाराशी सहसा शांतपणे बोलतात, उच्चाराची लाज बाळगू नका.

टपालानं मत पाठवत असाल तर पाकिटावर सही करायला विसरू नका, आणि सही लायसन्सवर आहे तशीच करा. मराठीत सही करायची सवय असेल आणि लायसन्सवर ती इंग्रजीत असेल तर इंग्रजीतच करा. सही जुळली नाही तर काउंटीकडून पत्र येतं, त्याला वेळेत उत्तर दिलं तर मत वाचतं.

निकाल लागल्यावर

प्रस्ताव मंजूर झाला म्हणजे दुसऱ्या दिवसापासून लागू झाला असं नाही. कॅलिफोर्नियात पूर्वी तसं होतं: मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी, टपालाची मतं अजून मोजली जात असताना. २०१८ च्या जूनमध्ये प्रपोझिशन ७१ मंजूर करून मतदारांनीच ते बदललं. आता सेक्रेटरी ऑफ स्टेटनं मतांचा अधिकृत तपशील दाखल केल्यानंतर पाचव्या दिवशी प्रस्ताव लागू होतो, प्रस्तावातच दुसरी तारीख दिलेली नसेल तर. म्हणजे मुदतीची नवी तारीख याच निवडणुकीतून आलेल्या आमदारांना लागू की पुढच्या, हे पुन्हा संक्रमणाच्या कलमावरच ठरतं. कागद फाडू नका, तिथे पाहा.

आणि मधल्या आठवड्यांत काही काम अडलं असेल, बेरोजगार भत्ता, डीएमव्हीची (वाहन आणि लायसन्सच्या कार्यालयाची) अडचण, व्यवसायाचा परवाना, तर ज्यांची मुदत चालू आहे त्याच आमदाराच्या कार्यालयात जा. निवडून आलेल्या नव्या माणसाला अजून अधिकार नसतो. जुने आमदार जाणार असतील तर तुमच्या अर्जाची प्रत आणि झालेला पत्रव्यवहार नोव्हेंबर संपण्याआधी मागून घ्या. फाइल आपोआप नव्या कार्यालयात पोहोचेल असं धरून चालू नका. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर तीच प्रत घेऊन नव्या कार्यालयात नाव नोंदवा.